सॉफ्टवेअर लायब्ररीतील बांधणीवेळच्या पर्यायांचे प्रकटीकरण : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

एकच सॉफ्टवेअर लायब्ररी दोन संगणकांवर बसविलेली आहे. नाव तेच, आवृत्तीचा क्रमांकही तोच. तरीही पहिल्या संगणकावर बिनतक्रार चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर अडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे न अडता चुकीची उत्तरे देते. संगणकाशी व्यावसायिक संबंध आलेल्या बहुतेकांनी हा अनुभव घेतलेला असतो. त्याचे कारण पुष्कळदा लायब्ररीच्या मूळ संहितेत नसते. ती संहिता ज्या पर्यायांसह कंपाइल केली गेली, त्या पर्यायांत असते.

सी भाषेत लिहिलेल्या संहितेवर कंपायलरचे संस्कार होण्यापूर्वी प्रीप्रोसेसर नावाची एक पायरी असते. ‘अमुक पर्याय दिला असेल तरच पुढील ओळी घ्या’ अशा अटी या पायरीवर तपासल्या जातात आणि अटीत न बसणाऱ्या ओळी गाळल्या जातात. या ओळी केवळ निष्क्रिय होत नाहीत, तर तयार होणाऱ्या यंत्रसंहितेत त्यांचा मागमूसही उरत नाही. म्हणून बांधणीच्या वेळी घेतलेला निर्णय हा इतर सेटिंगांपेक्षा वेगळा ठरतो. चालू अवस्थेतील सेटिंग एखाद्या फाइलमध्ये लिहिलेली असते, ती वाचता येते आणि बदलताही येते. बांधणीच्या वेळचा निर्णय मात्र भिंतीत चिणलेल्या नळासारखा असतो. पाणी येते की नाही एवढे कळते, पण नळ कोठून नेला आहे हे गवंड्यालाच ठाऊक.

हा निर्णय लायब्ररीचा वापर करणाऱ्या प्रोग्रामरला आणि ती सांभाळणाऱ्या प्रणाली-व्यवस्थापकाला कसा कळावा, या प्रश्नाला गेल्या काही दशकांत जी उत्तरे दिली गेली, त्यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचन मुख्यतः युनिक्सच्या परंपरेपुरते मर्यादित ठेवले आहे. बांधणारा, लिहिणारा आणि सांभाळणारा हे तिघे जसजसे एकमेकांपासून दूर गेले, तसतसे लायब्ररीला स्वतःविषयी बोलावे लागले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

एकाच हातातील तीन कामे

आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या ओएस/३६० या प्रणालीत ‘सिस्टिम जनरेशन’ नावाचा एक विधीच होता. संगणकाला जोडलेली उपकरणे आणि हवी ती वैशिष्ट्ये मॅक्रोंच्या रूपाने लिहून द्यायची. पहिल्या टप्प्यात त्यांचे असेंब्ली होऊन दुसऱ्या टप्प्याच्या कामांची मालिका तयार होई आणि त्या दुसऱ्या टप्प्यातून त्या केंद्रापुरती प्रणाली आकाराला येई. निर्णय घेणारा कर्मचारी त्याच केंद्रात बसलेला असे. कोणते पर्याय दिले होते हे पाहायचे तर कपाटातील कागद काढायचे.

युनिक्सच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांतही स्थिती फार वेगळी नव्हती. एका वेळी किती प्रक्रिया चालू शकतील, किती फाइली उघड्या राहू शकतील, यांसारख्या मर्यादा कर्नलच्या शीर्षफाइलींमध्ये आकड्यांच्या रूपाने लिहिलेल्या असत. आकडा बदलायचा असेल तर कर्नल पुन्हा कंपाइल करावे लागे. चालू प्रक्रियांची यादी देणारी ‘पीएस’ ही आज्ञा कर्नलची स्मृती थेट वाचत असे, आणि त्या स्मृतीची रचना तिला त्याच शीर्षफाइलींमधून ठाऊक होत असे. शीर्षफाइल बदलली आणि ‘पीएस’ पुन्हा कंपाइल केली नाही, तर तिने दिलेल्या यादीवर विश्वास ठेवता येत नसे. ही गैरसोय होती, पण संकट नव्हते. कारण दोन्ही कामे करणारी माणसे एकाच खोलीत असत, आणि बहुधा ती दोन नसून एकच असे. या काळात प्रकटीकरणाची निकड कोणालाच भासली नाही, हे समजण्याजोगे आहे.

पोसिक्स : दोन वाचकांची जाणीव

युनिक्सच्या अनेक व्यापारी शाखा निर्माण झाल्या, तेव्हा हे चित्र पालटले. एका कंपनीने बनविलेल्या प्रणालीवर दुसऱ्या कंपनीने कंपाइल केलेली आज्ञावली चालू लागली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोसिक्सच्या पहिल्या मानकाने या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याकडे इतिहासाच्या दृष्टीने लक्ष द्यायला हवे. या मानकाने मर्यादांची विभागणी केली. काही मर्यादा शीर्षफाइलीत कायमच्या लिहिता येतील. काही यंत्रागणिक बदलतील, म्हणून त्या आज्ञावलीने चालू अवस्थेत ‘सिसकॉन्फ’ या फंक्शनला विचाराव्यात. आणि काही त्या त्या फाइल-प्रणालीवर अवलंबून असतील, म्हणून ‘पाथकॉन्फ’ला विचाराव्यात. एका प्रक्रियेला किमान किती फाइली उघडता याव्यात याचा हमीचा आकडा सुरुवातीला १६ होता, तो २००१ च्या आवृत्तीत २० झाला. प्रत्यक्ष यंत्राची मर्यादा त्याहून पुष्कळ मोठी असू शकते, आणि ती विचारल्याशिवाय कळत नाही.

वैकल्पिक वैशिष्ट्यांच्या बाबतीतही हीच रीत स्वीकारली गेली. शीर्षफाइलीने ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे स्पष्ट सांगितले तर प्रश्न मिटला. शीर्षफाइल मौन पाळत असेल तर चालू प्रणालीला विचारावे. म्हणजे कंपाइल करणाऱ्या यंत्रावरील सत्य आणि चालविणाऱ्या यंत्रावरील सत्य या दोन गोष्टी भिन्न असू शकतात, ही बाब मानकाच्या पातळीवर मान्य झाली.

मात्र ‘सिसकॉन्फ’ला विचारण्यासाठी सी भाषेत आज्ञावली लिहावी लागे. शेलमध्ये काम करणाऱ्या व्यवस्थापकाने काय करावे? त्याचे उत्तर १९९२ च्या पोसिक्सच्या दुसऱ्या भागात ‘गेटकॉन्फ’ या आज्ञेच्या रूपाने आले. माहिती तीच, पण विचारण्याची वाट वेगळी. एकाच माहितीचे दोन वाचक असतात आणि दोघांसाठी दोन दारे ठेवावी लागतात, ही जाणीव येथे प्रथमच मानकबद्ध झालेली दिसते. पुढील काळात ज्या ज्या लायब्ररीने हा प्रश्न गांभीर्याने घेतला, तिने कळत-नकळत हीच दोन दारे उघडली आहेत.

बांधणारा दूर जातो

१९९० च्या दशकात दोन बदल जवळजवळ एकदमच झाले. पहिला म्हणजे सामायिक लायब्ररींचा प्रसार. पूर्वी लायब्ररीची यंत्रसंहिता प्रत्येक आज्ञावलीत चिकटवली जाई. आता ती एकच फाइल म्हणून डिस्कवर राहू लागली आणि आज्ञावली सुरू होताना तिला जोडली जाऊ लागली. प्रोग्रामरने ज्या लायब्ररीवर चाचणी घेतली, तीच ग्राहकाच्या यंत्रावर असेल याची शाश्वती संपली. दुसरा बदल लिनक्स वितरणांचा. डेबियनची स्थापना १९९३ मध्ये झाली. त्यानंतर हजारो लोक सॉफ्टवेअर स्वतः कंपाइल न करता बांधून तयार मिळालेली पॅकेजे बसवू लागले. पर्याय निवडण्याचे काम पॅकेज बनविणाऱ्या तिसऱ्याच व्यक्तीकडे गेले. तिची आणि व्यवस्थापकाची कधी गाठ पडत नाही.

याच सुमारास पर्यायांची संख्याही वाढली. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये ‘ऑटोकॉन्फ’ सुरू केले आणि ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात सर्वपरिचित झाली. तिला दिलेल्या पर्यायांनुसार ‘कॉन्फिग’ नावाची एक शीर्षफाइल तयार होते. ही फाइल लायब्ररीसोबत बसविली जात नाही, आणि बसवूही नये असा संकेत आहे; कारण दोन लायब्ररींच्या अशा फाइलींमधील नावे एकमेकांत मिसळली तर घोटाळा होतो. संकेत योग्यच आहे, पण त्याचा परिणाम असा की निर्णयांची एकमेव नोंद बांधणीनंतर कचऱ्यात जाते.

या पार्श्वभूमीवर पर्ल या भाषेने घेतलेली भूमिका उठून दिसते. लॅरी वॉल यांनी ऑटोकॉन्फच्याही आधी, १९८४ च्या सुमारास, आपल्या ‘आरएन’ या वृत्तवाचक आज्ञावलीसाठी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट लिहिली होती. तीच परंपरा पर्लमध्ये आली. १९९४ च्या पर्ल ५ मध्ये त्या स्क्रिप्टने गोळा केलेली शेकडो उत्तरे ‘कॉन्फिग’ नावाच्या मॉड्यूलमध्ये भाषेसोबतच दिली गेली. प्रोग्रामरने ते मॉड्यूल वाचावे. व्यवस्थापकाने ‘पर्ल’ या आज्ञेला मोठ्या व्ही अक्षराचा पर्याय द्यावा. थ्रेडांच्या आधाराविना बांधलेल्या पर्लवर थ्रेडांचे मॉड्यूल मागितले, तर हे पर्ल तशा प्रकारे बांधलेले नाही असे स्पष्ट सांगून ते थांबते. आजारी माणसाने वैद्याला स्वतःचे दुखणे सांगावे, तसा हा प्रामाणिकपणा आहे.

कर्ल या लायब्ररीचा मार्ग आणखी बोधक आहे. तिच्यासोबत ‘कर्ल-कॉन्फिग’ नावाची एक छोटी स्क्रिप्ट मिळते. ती वैशिष्ट्यांची यादी सांगते. पण ही स्क्रिप्ट विकासासाठीच्या पॅकेजात असते आणि ती ज्या बांधणीविषयी बोलते, तीच लायब्ररी आज्ञावलीला चालताना जोडली जाईल असे नाही. ऑक्टोबर २००२ मधील ७.१० या आवृत्तीत आलेल्या आवृत्तिमाहितीच्या फंक्शनने ही उणीव भरून काढली. हे फंक्शन स्मृतीत असलेल्या लायब्ररीलाच बोलते करते. एसएसएल आहे का, आयपीव्ही६ आहे का, संपीडन आहे का, अशी प्रत्येक उत्तरे एकेका बिटाच्या रूपाने मिळतात. आज्ञेच्या पातळीवर हीच माहिती मोठ्या व्ही अक्षराचा पर्याय दिल्यावर एका ओळीत छापली जाते. पुढे वैशिष्ट्ये वाढत गेली आणि मोजक्या बिटांत ती मावेनाशी होण्याची वेळ आली. डिसेंबर २००२ नव्हे, तर तब्बल वीस वर्षांनी, डिसेंबर २०२२ मधील ७.८७.० या आवृत्तीत वैशिष्ट्यांची नावेच अक्षररूपाने देण्याची सोय करण्यात आली.

एसक्यूलाइट : फंक्शन आणि प्रश्नभाषा

या विषयातील सर्वांत परिपूर्ण उदाहरण एसक्यूलाइटचे आहे. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये सुरू केलेली ही विदागार-लायब्ररी स्वतंत्र सर्व्हर म्हणून चालत नाही. ती आज्ञावलीच्या आतच राहते. मोबाइल फोन, ब्राउझर, दूरदर्शन संच अशा असंख्य ठिकाणी ती आहे, आणि प्रत्येक ठिकाणच्या गरजा वेगळ्या असल्याने तिला बांधणीचे पर्यायही अनेक आहेत. काही पर्याय वैशिष्ट्ये वाढवतात, काही लहान उपकरणात मावावी म्हणून ती गाळतात.

त्यांपैकी ‘थ्रेडसेफ’ हा पर्याय जिवावर बेतू शकणारा. त्याचे मूल्य ० दिले तर एकाच वेळी अनेक थ्रेडांनी केलेल्या वापरापासून रक्षण करणारी कुलुपेच संहितेतून गळतात. १ दिले तर पूर्ण संरक्षण मिळते. २ दिले तर प्रत्येक जोडणी एका वेळी एकाच थ्रेडने वापरावी या अटीवर संरक्षण मिळते. कुलुपांना वेळ लागतो, म्हणून ती गाळण्याचा मोह रास्त आहे. परंतु एसक्यूलाइटची शीर्षफाइल तिन्ही परिस्थितींत सारखीच असते. म्हणजे प्रोग्रामरने कितीही काळजीपूर्वक शीर्षफाइल वाचली तरी त्याला कुलुपे आहेत की नाहीत हे कळणार नाही. कुलुपे नसताना दोन थ्रेडांनी एकाच वेळी विदागाराला हात घातला, तर आत साठविलेल्या नोंदींची मोडतोड होऊ शकते, आणि ती त्याच क्षणी लक्षात येईलच असे नाही. एखाद्या दुकानाचे हिशेब त्यात असतील तर गफलत महिनाअखेरीस उघडकीस यायची.

सप्टेंबर २००७ मधील ३.५.० या आवृत्तीत या एकाच पर्यायाचे मूल्य सांगणारे फंक्शन उपलब्ध झाले. ९ मार्च २०१० रोजीच्या ३.६.२३ या आवृत्तीने सर्वच पर्यायांसाठी दार उघडले. सी भाषेतील दोन फंक्शने देण्यात आली : एक विशिष्ट पर्याय वापरला होता का याचे होय किंवा नाही असे उत्तर देणारे, आणि दुसरे क्रमांक देत गेल्यास एकेक पर्यायाचे नाव सांगणारे. त्याच दिवशी हीच दोन फंक्शने एसक्यूएल भाषेतही आली आणि ‘कंपाइल-ऑप्शन्स’ हा प्राग्माही आला. या तिसऱ्या वाटेचे महत्त्व विशेष आहे. ज्याला सी येत नाही, ज्याच्याकडे कंपायलर नाही, अशा व्यवस्थापकालाही विदागाराशी तो रोज ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत हा प्रश्न विचारता येऊ लागला. ‘गेटकॉन्फ’ने शेलसाठी जे केले, ते येथे प्रश्नभाषेसाठी झाले.

अंमलबजावणीची पद्धत साधी आहे. संहितेतील एका फाइलीत अक्षरमालांची एक यादी असते आणि यादीतील प्रत्येक नोंद त्या त्या पर्यायाच्या अटीत बंदिस्त असते. पर्याय दिला तर नोंद राहते, नाहीतर गळते. ज्या यंत्रणेने माहिती पुसली जाते, त्याच यंत्रणेकडून तिची नोंद करून घेण्याची ही युक्ती आहे. अशी यादी हाताने सांभाळायची तर नवा पर्याय जोडताना तिच्यात भर घालणे राहून जाऊ शकते. पुढे ही फाइल स्क्रिप्टद्वारे निर्माण केली जाऊ लागली, ते योग्यच झाले.

येथे एका मर्यादेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. एसक्यूलाइटमध्ये थ्रेडांविषयीचे वर्तन सुरुवातीच्या वेळी चालू अवस्थेतही बदलता येते. ‘थ्रेडसेफ’चे फंक्शन मात्र केवळ बांधणीचे मूल्य सांगते. ‘कसे बांधले’ आणि ‘आत्ता कसे चालते’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून घेतले तर फसगत होते.

या सोयीचा लाभ वरच्या थरांपर्यंत पोहोचायला मात्र बराच काळ गेला. पायथॉन भाषेतील एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये थ्रेडविषयक सुरक्षिततेची पातळी सांगणारा एक गुणधर्म होता, पण त्याचे मूल्य संहितेत कायमचे १ असे लिहून ठेवलेले होते. खाली लायब्ररी कशीही बांधलेली असो. ऑक्टोबर २०२२ मधील पायथॉन ३.११ पासून हे मूल्य प्रत्यक्ष लायब्ररीच्या बांधणीवरून ठरू लागले. दुसरीकडे जँगो या चौकटीने वेगळीच वाट धरली. ऑगस्ट २०२० मधील ३.१ आवृत्तीत जेसन-क्षेत्र आले, तेव्हा एसक्यूलाइटमध्ये जेसनचा विस्तार बांधलेला आहे का हे पाहण्यासाठी तिच्या दस्तऐवजाने एक छोटा जेसन-प्रश्न चालवून पाहण्यास सांगितले : उत्तर आले तर विस्तार आहे. विचारण्याऐवजी करून पाहणे, ही रीत खेड्यातल्या अनुभवी माणसाची आहे आणि वैशिष्ट्य ‘आहे की नाही’ एवढ्यापुरती ती उत्तम चालते. कुलुपांच्या बाबतीत ती निरुपयोगी. कारण कुलूप नसल्याचे करून पाहण्यात विदागाराचाच बळी जायचा. (फेब्रुवारी २०२२ मधील ३.३८.० आवृत्तीपासून जेसनची फंक्शने एसक्यूलाइटमध्ये मुळातच अंतर्भूत आहेत.)

मराठी मजकूर साठविणाऱ्यांचा या प्रश्नाशी थेट संबंध येतो. एसक्यूलाइटमधील मूळ क्रमवारी अक्षरांच्या बाइटमूल्यांवर चालते. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हे अक्षर ‘व’च्या आधी येते, मराठी वर्णमालेत ते ‘ह’च्या नंतर येते. परिणामी अशा क्रमवारीत ‘काळ’ हा शब्द ‘कावळा’च्या आधी लागतो, तर मराठी कोशात तो त्याच्या नंतर लागायला हवा. शब्दसूची, मतदारयादी, ग्रंथसूची अशा कोणत्याही यादीत हा दोष दिसेल. भाषानिहाय क्रमवारीसाठी आयसीयू ही लायब्ररी वापरता येते, परंतु एसक्यूलाइटमध्ये तिचा आधार बांधणीच्या वेळीच घ्यावा लागतो आणि तो आपोआप मिळत नाही. मराठी सूचीचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने वापरकर्त्याच्या यंत्रावरील एसक्यूलाइटला हा प्रश्न आधी विचारणे, हे त्या सूचीच्या शुद्धतेसाठी आवश्यक आहे.

हार्टब्लीड आणि आवृत्तिक्रमांकाची अपुरी साक्ष

७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जाहीर झाला. मार्च २०१२ मधील १.०.१ आवृत्तीपासून १.०.१एफ आवृत्तीपर्यंत तो होता. जोडणी जिवंत आहे का हे पाहण्यासाठी एका बाजूने काही अक्षरे पाठवायची आणि दुसऱ्या बाजूने तीच परत करायची, अशी ‘हार्टबीट’ची योजना आहे. पाठविणाऱ्याने आपल्या अक्षरांची लांबी खोटी सांगितली तरी लायब्ररी ती खरी मानून शेजारच्या स्मृतीतील मजकूरही परत देत असे. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत. त्यात संकेतशब्द किंवा गुप्त किल्ल्या असू शकत.

ओपनएसएसएलच्या सूचनेत दोन उपाय दिले होते : १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती घ्यावी; ते लगेच शक्य नसेल तर हार्टबीट वगळणारा बांधणीचा पर्याय देऊन लायब्ररी पुन्हा कंपाइल करावी. एका गाळण्याच्या पर्यायाला एवढे महत्त्व क्वचितच आले असेल. पण त्यातून एक नवा प्रश्न उभा राहिला. वितरणे साधारणतः आवृत्ती बदलत नाहीत. जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती घालून ती पुन्हा बांधतात. त्यामुळे दुरुस्तीनंतरही डेबियनच्या तत्कालीन स्थिर आवृत्तीत ओपनएसएसएलचा क्रमांक १.०.१ई असाच राहिला. सेंटओएसने तर तातडीचा उपाय म्हणून प्रथम हार्टबीट वगळूनच पॅकेज बांधून दिले. क्रमांक पुन्हा १.०.१ई. म्हणजे ‘१.०.१ई’ या उत्तरातून सर्व्हर असुरक्षित आहे, दुरुस्त आहे की हार्टबीटविना बांधलेला आहे, यांतील काहीच निश्चित होत नव्हते.

त्या आठवड्यात व्यवस्थापकांच्या मदतीला आले ते ओपनएसएसएलच्या आवृत्ती-आज्ञेचे विस्तृत रूप. त्यात केवळ क्रमांक नव्हता. बांधणीची तारीख होती आणि कंपायलरला दिलेल्या पर्यायांची पूर्ण ओळ होती. तारीख ७ एप्रिलची किंवा नंतरची आहे का, ओळीत हार्टबीट वगळण्याचा पर्याय आहे का, हे तेथे पाहता येत होते. सी भाषेतील प्रोग्रामरसाठीही हीच माहिती देणारे फंक्शन पूर्वीपासून होते. ज्या कोणी अनेक वर्षांपूर्वी ही कंटाळवाणी वाटणारी ओळ छापण्याची तसदी घेतली, त्याचे श्रम त्या दिवसांत फळाला आले.

तरी या साक्षीलाही दोन छिद्रे होती. आज्ञा ज्या लायब्ररीविषयी बोलते ती डिस्कवरील. आधीपासून चालू असलेल्या वेब-सर्व्हरच्या स्मृतीत मात्र जुनीच लायब्ररी शिल्लक असू शकते, जोपर्यंत तो पुन्हा सुरू केला जात नाही. कर्लसारखे चालू लायब्ररीला बोलते करणारे फंक्शन असूनही बाहेरच्या व्यवस्थापकाला त्या प्रक्रियेच्या आत शिरून विचारता येत नाही. दुसरे असे की बांधणीची तारीख ही साक्ष पुढे कमकुवत होत गेली. एकाच संहितेतून कोणीही बांधले तरी अक्षरशः तीच फाइल मिळावी, या उद्देशाने डेबियनमध्ये २०१३ पासून प्रयत्न सुरू झाले. त्यासाठी खऱ्या घड्याळाऐवजी संहितेच्या नोंदीतील तारीख वापरण्याचा संकेत २०१५ मध्ये निश्चित झाला. उद्देश स्तुत्य आहे; पण तेव्हापासून अशा पॅकेजांतील ‘बांधणीची तारीख’ ही प्रत्यक्ष बांधणीची राहिलेली नाही.

कोणी वाचावे ?

प्रकटीकरणाला विरोध करणारी एक बाजूही आहे आणि ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. पीएचपी भाषेतील ‘पीएचपी-इन्फो’ हे फंक्शन बांधणीची संपूर्ण आज्ञा, विस्तारांची यादी, फाइलींचे मार्ग असे सर्व काही एका पानावर मांडते. व्यवस्थापकाला ते अत्यंत सोयीचे. परंतु चाचणीसाठी ठेवलेले असे पान सार्वजनिक सर्व्हरवर विसरून राहिले, तर आक्रमकालाही तीच सोय मिळते. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे दोष माहितीचा नाही, दाराचा आहे. माहिती लपविल्याने दोष बरा होत नाही. मात्र ती कोणाच्या हाती द्यावी हे ठरवावे लागते.

पोस्टग्रेस या विदागार-प्रणालीने हे ठरविण्याची एक पद्धत दाखविली. तिच्यात ‘पीजी-कॉन्फिग’ नावाची आज्ञा पूर्वीपासून होती. डेबियनमध्ये ती ग्राहक-लायब्ररीच्या विकास-पॅकेजात येते. त्यामुळे सर्व्हर असूनही ही आज्ञा नाही, असे पुष्कळांच्या वाट्याला येते. पायथॉनसाठीचे पोस्टग्रेसचे मॉड्यूल बसविताना ‘पीजी-कॉन्फिग सापडली नाही’ हा संदेश ज्याने पाहिला नाही असा प्रोग्रामर विरळा. शिवाय दोन बांधण्या एकाच यंत्रावर असतील, तर आज्ञा एकीविषयी बोलते आणि चालू असतो दुसरीचा सर्व्हर. सप्टेंबर २०१६ मधील ९.६ आवृत्तीत हीच माहिती सर्व्हरच्या आत एका दृश्य-तक्त्याच्या रूपाने आली, म्हणजे चालू सर्व्हर स्वतःविषयी स्वतः सांगू लागला. मात्र हा तक्ता मुळात केवळ सर्वाधिकारी वापरकर्त्यालाच वाचता येतो. इतरांना द्यायचा की नाही हे तो ठरवतो. दार आहे, आणि दाराला कडीही आहे. वर उल्लेखिलेल्या आयसीयूचा आधार पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून पर्याय म्हणून आणि २०२३ च्या १६ व्या आवृत्तीपासून गृहीत धरून बांधला जातो; तो आहे की नाही हे या तक्त्यातील बांधणीच्या ओळीवरून पाहता येते.

याच प्रणालीत एका पर्यायाचा जो जीवनक्रम घडला तो शेवटी सांगणे उचित होईल. पोस्टग्रेसमध्ये तारीख-वेळ साठविण्याच्या दोन रीती होत्या : ६४ बिटांचा पूर्णांक किंवा दशांश-चिन्हित संख्या. निवड बांधणीच्या वेळी होई. दशांश रीतीत १ जानेवारी २००० पासूनचे सेकंद मोजले जात. त्या दिवसाच्या मागेपुढे काही वर्षे मायक्रोसेकंदापर्यंतची अचूकता मिळे, आणि जितके दूर जावे तितकी ती घसरे. डिस्कवर दोन्हींना सारखीच जागा लागे. एका रीतीने लिहिलेली विदा दुसऱ्या रीतीच्या सर्व्हरने वाचली असती, तर प्रत्येक नोंदीची वेळ निरर्थक झाली असती, आणि आकड्यांकडे पाहून ते कळलेही नसते.

म्हणून येथे माहिती तीन ठिकाणी ठेवण्यात आली. विदागार प्रथम निर्माण होताना निवड नियंत्रण-फाइलीत लिहिली जाई. नंतर वेगळ्या बांधणीचा सर्व्हर सुरू करू पाहिल्यास तो कारण सांगून सुरू होण्यास नकार देई. व्यवस्थापकाला ती केवळ वाचता येणाऱ्या एका सेटिंगच्या रूपाने दिसे. आणि जोडणी करणाऱ्या प्रत्येक ग्राहक-आज्ञावलीला सर्व्हर ती न विचारताच, जोडणीच्या प्रारंभी कळवी. कारण वेळ बाइटरूपात पाठवायची असेल तर दोन्ही बाजूंची रीत एक असणे भाग होते. न विचारता सांगणे आणि विसंगती दिसताच थांबणे, हे दोन्ही गुण आतापर्यंत पाहिलेल्या इतर उदाहरणांत एकत्र आढळत नाहीत.

२००९ मधील ८.४ आवृत्तीत पूर्णांक रीत गृहीत झाली. २०१७ मधील १० व्या आवृत्तीत दशांश रीत काढूनच टाकण्यात आली. निवडण्यासारखे काही उरले नाही. ते सेटिंग मात्र काढलेले नाही. जुन्या ग्राहक-आज्ञावल्या त्याची वाट पाहतात, म्हणून पोस्टग्रेसचा सर्व्हर आजही प्रत्येक नव्या जोडणीला पूर्णांक रीत ‘चालू’ असल्याचे कळवितो.